पेव बसतं, असं अप्पा म्हणाले

मला मराठी लिहायला पत्रकांनी शिकवलं. निजामाच्या राज्यात आमच्या जळकोटची शाळा उर्दूत चाले. वडील त्याच शाळेत मास्तर होते. दिवसभर ते उर्दूत शिकवत आणि घरी आल्यावर मला मराठी अक्षरं गिरवायला लावत. पण गिरवून झाल्यावर वाचायला घरात काही नसे. मग सोलापुराहून चादरींच्या गठ्ठ्यातून चोरून येणारी पत्रकं मी वाचू लागलो. पत्रकात शंका नसते. ‘जागे व्हा’ असतं, ‘धिक्कार असो’ असतं. ‘कदाचित’ हा शब्द मी कुठल्याही पत्रकात वाचल्याचं आठवत नाही. एकोणिसाव्या वर्षी मी स्वतःच पत्रकं लिहायला लागलो आणि मलाही तो शब्द कधी लागला नाही.

त्यातलं एक पत्रक परत घेता आलं असतं, तर बाकीची सगळी मी आनंदानं चुलीत घातली असती.

निजामाविरुद्ध लढणाऱ्या आमच्या पक्षावर तेव्हा बंदी होती. आसपासच्या गावांतली बरीच माणसं तुरुंगात गेली होती आणि त्यांच्या घरी खायचे हाल सुरू झाले होते. म्हणून मुठीची कल्पना निघाली. सकाळी बाई जात्यावर बसली की ज्वारीची पहिली मूठ जात्यात न टाकता बाजूच्या गाडग्यात टाकायची. आठवड्यानं आमच्यातला कुणीतरी जाऊन गाडगं रिकामं करून आणायचा. पैसे द्यायला कुणाकडे नव्हते, मूठ मात्र सगळ्यांकडे होती. ‘तुमची एक मूठ, त्यांची एक भाकरी’ असं पत्रक मी लिहिलं आणि ते बायकांना वाचून दाखवत घरोघर फिरलो. अणदूरपर्यंत मुठी सुरू झाल्या.

प्रश्न होता तो ज्वारी ठेवायची कुठं हा. सरकारी लेव्हीचे, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीचे, लोक घरं धुंडाळत, कणग्या उलथ्या करत. तेव्हा अप्पांनी आपलं पेव देऊ केलं.

अप्पांचं बाजारपेठेत किराणा मालाचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, हातात तागडी. घरात ते कानडी बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी आणि पोलिस ठाण्याचा अमीन आला तर दख्खनी. वाचता मात्र त्यांना फक्त कानडीच यायचं. दुकानामागच्या परसात जमिनीखाली आजोबांच्या काळातलं धान्याचं पेव होतं, दोन पुरुष खोल. त्यावर त्यांनी कडब्याची गंज रचली होती, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नसे. त्यांची अट एकच होती.

“कागद कर,” ते मला म्हणाले. “किती पडली, कुण्या गावची पडली.”

“कागद म्हणजे पुरावा, अप्पा. झडती झाली तर सगळं गाव आत जाईल.”

“अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला न्हेत्यात तवा बी कागद करत्यात, ठावं हाय न्हवं? देव हाय म्हणून कुणी तोंडी न्हेत न्हाय. कवा परत आणणार ते लिहून देत्यात.”

“देवाला अमीन पकडत नाही.”

अप्पा हसले. “व्हय, ते बी खरं.”

या हजरजबाबीपणावर मी इतका खूश होतो, की संध्याकाळी घरी वडिलांनाही ते सांगितलं. ते हसले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला पेव गळ्यापर्यंत भरलं. तोंडावर फरशी ठेवून शेणामातीनं लिंपताना मी स्वतः तिथं होतो. पावसाळ्यात, घराघरातलं धान्य संपत आल्यावर उघडून वाटायचं, असं ठरलं.

श्रावण लागला तेव्हा मी आणि आमच्यातला एक शेतकरी कार्यकर्ता पेव उघडायला गेलो. फरशी सरकवली. आत कोंडलेली हवा माणसाला मारते, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत ते उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला नाही, म्हणजे हवा साफ होती. पण कंदील खाली जातच राहिला. निम्म्याहून अधिक पेव रिकामं होतं.

“अप्पा, हे काय?”

अप्पा कडब्याच्या गंजीकडे बघत उभे होते. “पेव बसतं,” ते म्हणाले.

“इतकं?”

“बसतं. ज्वारी खाली दबती. कडंची काळी पडती. ती काढून टाकली.”

माझ्याबरोबरचा शेतकरी हसला. “अप्पा, आमच्याकडं बी पेवं हायत की. हातभर बसंल. तुमचं तर लोटांगण घालून पडलंय!”

अप्पांनी गळ्यातलं लिंग मुठीत घट्ट धरलं आणि पुन्हा तेच म्हणाले, “पेव बसतं.” ती मूठ बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी करायची आणि वर देव हातात धरायचा! ते खोटं बोलत होते हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. खोटं बोलता न येणारा माणूस खोटं का बोलतो आहे, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

मी चालत निजामाची हद्द ओलांडली आणि पलीकडे सोलापूरच्या बाजूला असलेल्या पक्षाच्या छावणीत वकीलसाहेबांकडे गेलो. हे तुळजापूरचे वकील. पक्षाचं आमच्या तालुक्यातलं सगळं काम त्यांच्या हातात होतं आणि ते छावणीतून चाले. पांढराशुभ्र कोट, हळू आवाज, प्रत्येक पोराला ‘तुम्ही’ म्हणायची सवय. मी सांगितलेलं त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“फार वाईट वाटलं,” ते म्हणाले. “मोह कुणाला सुटला आहे?”

“मग करायचं काय?”

“मी तुम्हाला लिहा असं म्हणणार नाही. तुमच्या लेखणीला सांगणारा मी कोण? पण मुठी देणाऱ्या बायकांना तुम्ही शब्द दिला होता. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

तासाभरात मी पत्रक लिहून काढलं. ‘गरिबाच्या घासावर दरोडा’ असा मथळा दिला. अप्पांचं नाव घातलं नाही, आणि त्याचा मला अभिमान वाटला. वाटलं, आपण किती संयमानं लिहितो. ‘बाजारपेठेतला भस्मधारी’ असं लिहिलं होतं. जळकोटच्या बाजारपेठेत भस्म लावून किराणा विकणारं दुसरं कुणी नव्हतंच. छावणीतल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर मी स्वतःच्या हातानं प्रती काढल्या. शाई जरा फुटत होती.

चौथ्या दिवशी बाजार होता. मी पेठेतून चाललो होतो, तोच अप्पांनी दुकानातून हाक मारली.

“मास्तरच्या लेका, हिकडं ये. हे सकाळी फळीला डकवलं हुतं. कानडीत असतं तर माझं म्या वाचलं असतं. वाच बघू. मोठ्यानं वाच.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. एक बाई पदरात मीठ घेऊन निघायच्या बेतात होती, ती थांबली. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी वाचलं. एखादं वाक्य गाळावं असं मनात आलं; पण हे पत्रक गावभर होतं, गाळलेलं आज ना उद्या त्यांना कळलंच असतं. म्हणून सगळं वाचलं. आणि खरं सांगायचं तर चांगलं वाचलं. कुठं आवाज चढवायचा, कुठं थांबायचं, हे लिहितानाच माझ्या कानात बसलेलं होतं. ‘भस्माआड दडलेला दरोडेखोर’ इथं तर माझा आवाज आपोआप चढला.

संपल्यावर त्या बाईनं पदरातलं मीठ परत तागडीत ओतलं आणि निघून गेली.

अप्पा तागडीतल्या मिठाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “झकास लिवलंय. कुणी लिवलं असंल रे?”

“पत्रकावर नाव नसतं, अप्पा.”

“व्हय. कागद म्हंजे पुरावा.”

त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, चार घड्या घातल्या आणि गल्ल्याच्या पेटीत ठेवून दिला.

दुकानाचं गिऱ्हाईक तुटलं. पोरं दुकानासमोरून ‘पेवचोर, पेवचोर’ ओरडत पळायची आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पेवातली उरलेली ज्वारी आम्ही वाटली, ती पुरली नाही. तेव्हा अप्पांनी तुरुंगात गेलेल्यांच्या घरी आपल्या दुकानातली ज्वारी पाठवायला सुरुवात केली, दर बाजाराला पायली-पायली. आम्ही म्हणालो, बघा, चोरी कबूल झाली. आता मी जळकोटला जाऊन खरं काय ते सांगतो, तेव्हा ऐकणारे मलाच विचारतात, “चोर नव्हता तर वाटली कशाला?” हा प्रश्नही मीच त्यांच्या तोंडात घातलेला आहे.

भाद्रपद लागताच अप्पांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि लेकीच्या गावी कानडी मुलखात जायला निघाले. गाडीत सामान भरताना कुणी हात लावायला गेलं नाही. फक्त माझे वडील गेले, वेशीपर्यंत चालत सोडून आले.

“तो चोर नाही,” घरी येऊन ते म्हणाले.

“पुरावा?” मी विचारलं.

“तू कुठं पुरावा विचारला होतास?”

मी त्यांच्याशी आठ दिवस बोललो नाही.

मग निजामाचं राज्य गेलं. छावण्या उठल्या, तुरुंगातली माणसं हार घालून घरी आली, पक्ष उजळ माथ्यानं काम करू लागला. वकीलसाहेब तालुक्याचे अध्यक्ष झाले. तुळजापूरला त्यांच्या मेहुण्याच्या नावानं छापखाना निघाला, साप्ताहिक निघालं आणि लिहायला मला बोलावणं आलं. आठ महिने मी तिथं काम केलं. इतकं सुख मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. माझी वाक्यं शिशाच्या खिळ्यांत जुळलेली बघणं, ओल्या कागदावर बोट फिरवणं. छापखाना कशातून उभा राहिला, हा प्रश्न त्या आठ महिन्यांत माझ्या मनात एकदाही आला नाही. दुसऱ्याच्या पेवाची खोली मात्र मी कंदील सोडून मोजली होती.

एक दिवस सोलापुराहून कागदाचे गठ्ठे घेऊन गाडी आली. गाडीवान पाणी प्यायला ओट्यावर टेकला.

“तुमी जळकोटचे न्हवं का?” तो म्हणाला. “म्या लई फेऱ्या मारल्यात तिथं. त्या भस्मवाल्या म्हाताऱ्याच्या परसात.”

“कशाच्या फेऱ्या?”

“ज्वारीच्या. पेवाची ज्वारी, लई वास! बैलं बी तोंड फिरवायची. दोन बाजारांच्या दिवशी तीन-तीन गाड्या न्हेल्या, कडब्याखाली घालून. हद्दीवर करोडगिरीच्या, जकातीच्या नाक्यावर शिपायाला गुळाची ढेप दिली, की गाडी सोलापुरात.”

“कुणी सांगितलं होतं न्यायला?”

“कुणी म्हंजे? तुमच्या ह्या वकीलसाहेबांनी! सोता हुबं हुते की. म्हातारा एकेक पोतं शिवून देत हुता. साहेबांनी त्याला गळ्यातल्या लिंगाची आण घातली हुती. पक्षाचं गुपित काम हाय, कुणाला म्हणून सांगायचं न्हाय, गावातल्या आपल्या पोरांना बी न्हाय. म्हातारा येडा. मला म्हणतोय, लेकरांच्या घरी पोचंल न्हवं?”

मी तसाच आत गेलो. वकीलसाहेब टेबलाशी बसून मुद्रितं बघत होते. मी विचारल्यावर त्यांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं ते निदान चिडतील.

“सोलापुरात भाव दुपटीच्या वर होता,” ते म्हणाले. “पक्षाच्या तालुका अध्यक्षाच्या निवडीसाठी गावोगावची माणसं आणायची होती. त्यांना ठेवायचं, जेवू घालायचं, जाताना हातात काही द्यायचं. समोरचा गट काय उपाशी माणसं घेऊन बसला होता?”

“आणि तुरुंगात गेलेल्यांची घरं?”

“त्यांना अप्पांनी दिली ना ज्वारी.”

“आणि अप्पा?”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “मी तुम्हाला लिहा असं म्हणालो होतो का? आठवून बघा.” मग अगदी मायेनं म्हणाले, “छावणीत तुम्ही इतकी पत्रकं काढलीत. कागद कुठून येतो, शाई कुठून येते, हे कधी विचारलंत? सोलापुरात कुणी फुकट देत होतं?”

ज्या कागदावर मी अप्पांना दरोडेखोर म्हटलं, तो कागदही त्यांच्याच पेवातून आला होता. जळकोटच्या, अणदूरच्या बायकांनी पहाटे जात्यावर बसून काढलेल्या मुठींतून तो आला होता.

खुलासा मी त्याच दिवशी लिहिला. जुळाऱ्यानं तो जुळवलाही. अंक निघाला तेव्हा त्या जागी वकीलसाहेबांच्या सत्काराची बातमी होती. जुळारी मान खाली घालून माझ्या खुलाशाचे खिळे सुटे करत होता, एकेक अक्षर आपापल्या खणात टाकत होता. मी त्या क्षणी बाहेर पडलो असं इथं लिहिता आलं असतं, पण ते खोटं होईल. महिना भरायला सहा दिवस होते. ते भरले, पगार घेतला आणि मग नोकरी सोडली.

मी तिथून कानडी मुलखात गेलो तेव्हा अप्पा लेकीच्या घरासमोर सुपात तूर घेऊन निवडत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते बघून निवडत नव्हते, बोटांनी निवडत होते.

“कोण?”

“जळकोटचा. मास्तरांचा.”

“बस.” त्यांनी कानडीत आत सांगून पाणी मागवलं. “मास्तर बरे हायत न्हवं?”

मी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. गाडीवान, सोलापूर, छापखाना, खुलासा. त्यांची बोटं थांबली नाहीत. खडे बाजूला पडत होते. शेवटी मी म्हणालो, “अप्पा, ते पत्रक मी लिहिलं होतं.”

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“तू वाचलास तवापासनं. शाई फुटली हुती, निम्मी अक्षरं काळी झाली हुती. दुसऱ्याचं असतं तर अडखळला असतास. तू एका जागी अडला न्हाईस.”

“मग तेव्हाच का बोलला नाहीत?”

“समोरच्या हाटेलात अमीनाचा माणूस चहा पीत बसला हुता. बोललो असतो तर तुला तिथनंच न्हेला असता. मास्तरला तू एकच.”

“आणि ज्वारीचं? ते तरी सांगायचं.”

त्यांचा हात गळ्याकडे गेला. “आण घेतली हुती.”

“वकिलांनी ती केव्हाच मोडली होती, अप्पा.”

“त्यांनी मोडली. म्या कशापायी मोडू?”

आत कुणीतरी भाकरी थापत होतं, तो आवाज येत होता. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “मी गावात जातो. बाजारच्या दिवशी उभा राहून सांगतो.”

“सांग की. पर आधी माझा कागद कर.”

“कसला कागद?”

“ज्वारीचा. तवा मागितला हुता, तू दिला न्हाईस.”

मी पिशवीतून कागद काढला. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. जळकोटच्या पेवात बायांनी मुठीनं टाकलेली ज्वारी. त्यातली सहा गाड्या पक्षाच्या वकिलानं पक्षासाठी म्हणून नेली. उरलेली वाटली. पेव देणाऱ्याकडे काही राहिलं नाही.

“खाली सही,” अप्पा म्हणाले. “आख्खं नाव. बापाचं बी.”

इतकी वर्षं लिहीत होतो, पण मजकुराखाली स्वतःचं नाव मी तोवर कधी घातलं नव्हतं. घातलं. मग विचारलं, “याची एक नक्कल करून घेऊ? गावात दाखवायला?”

“ह्यो माझा. तुझा तू लिव्ह.”

कागद घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दिसत तर काहीच नव्हतं, तरी ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“वाच,” ते म्हणाले. “मोठ्यानं वाच.”

अक्षरं स्वच्छ होती. दोनच मिनिटांपूर्वी माझ्याच हातानं लिहिलेली होती. मी वाचू लागलो. पहिल्याच वाक्यात ‘बायांनी मुठीनं’ इथं आलो आणि अडलो. पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतलं, पुन्हा तिथंच अडलो. अप्पांनी सूप खाली ठेवलं आणि मी पुढे वाचेपर्यंत ते थांबून राहिले.